आधी चित्र, मग गोष्ट

[पडद्यावर: हिरवट वेष्टनाचा पातळ अंक, पानं उलटणारा हात]

एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड. एक शिलिंग मोजायचा आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीचा या महिन्याचा भाग घरी न्यायचा. ३२ पानं मजकूर आणि दोन चित्रं. पण चित्रं प्रसंगाजवळ नाहीत. दोन्ही सुरुवातीलाच लावलेली. म्हणजे वाचक आधी बघणार की कुणीतरी रडतंय, आणि मग ते कोण, कशासाठी, याचा शोध घेत पानं उलटणार.

कारण छापखान्यातलं आहे. चित्र पोलादी पत्र्यावर आम्लाने कोरलेलं. शाई खाचांत भरायची आणि जोरात दाबून ती कागदावर उचलायची. खिळ्यांचं, म्हणजे मजकूर छापणाऱ्या धातूच्या अक्षरांचं, नेमकं उलट, तिथे शाई उंचवट्यावर. दोन्ही एका दाबात निघत नाहीत, म्हणून चित्रं वेगळी छापून पुढे लावायची. लाकडी ठसा मात्र खिळ्यांच्या शेजारी बसतो. म्हणून १८४०-४१ मध्ये ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ साप्ताहिकातून आली, तेव्हा चित्रं थेट मजकुरात शिरली.

[पडद्यावर: शेकोटी, म्हातारी, खुर्चीतला मुलगा]

चित्रकार हॅब्लॉट ब्राउन, सही ‘फिझ’. पुष्कळदा त्याच्या हाती अख्खं प्रकरण नसेच. डिकन्सच्या सूचनांवरून काम भागवायचं. १८४६ मध्ये ‘डॉम्बी अँड सन’ सुरू झाली तेव्हा तर डिकन्स परदेशात. मजकुरात छोटा पॉल शेकोटीपाशी आपल्या चिमुकल्या खुर्चीत बसून म्हाताऱ्या मिसेस पिपचिनकडे टक लावून बघतो. फिझने पोराला बसवलं उंच खुर्चीत. मग ते खालून वर बघणं कुठलं! डिकन्सने मित्राला कळवलं, हे चित्र पुस्तकाबाहेर ठेवायला मी आनंदाने १०० पौंड दिले असते. खुर्चीवरून एवढा त्रागा? मला तो रास्त वाटतो. आधी पाहिलेला पॉल मनात बसला की शब्दांनी तो हलत नाही.

‘एडविन ड्रूड’ या शेवटच्या कादंबरीच्या वेळी चित्रकार होता ल्यूक फाइल्ड्स. कादंबरीतल्या जॅस्परच्या गळ्यातला रुमाल चांगला लांब हवा, दोनदा वेढा बसेल असा, हा डिकन्सचा हट्ट. का, ते सांगेना. फाइल्ड्सने खोदून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: त्या रुमालानेच जॅस्पर एडविनचा गळा आवळणार आहे.

जून १८७० मध्ये डिकन्स वारला. ठरलेल्या १२ भागांपैकी ६ हातात होते आणि त्यांत खुनाचा उलगडा नव्हता. रुमालाची हकिकत फाइल्ड्सने १९०५ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून सांगितली.