कारण लिहायला जागा नाही

अमेरिकेत फौजदारी खटल्याचा निकाल ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, बहुधा एका छापील कागदावर देते. त्यावर दोन चौकटी असतात, ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’. खाली प्रमुखाची सही आणि तारीख. ‘का?’ हे लिहायला ओळच नाही.

ज्युरी नलिफिकेशन, म्हणजे ज्युरीने कायदा बाजूला ठेवून आरोपीला सोडणं, उभं आहे ते या नसलेल्या ओळीवर. पुरावा पक्का, पण कायदाच जाचक वाटतो, म्हणून बाराही जण ‘निर्दोष’वर खूण करतात. खोलीतली चर्चा गुप्त. सुटलेल्या माणसावर सरकारला अपील करता येत नाही. ज्युरीला शिक्षाही नाही. हे ठरलं लंडनमध्ये, 1670 च्या बुशेल प्रकरणात. क्वेकर पंथाच्या विल्यम पेनला दोषी ठरवत नाही म्हणून त्या ज्युरीला उपाशी कोंडलं होतं, वर दंडही ठोकला होता.

अपिलाची ही आडकाठी नसली की काय होतं, ते मुंबईने पाहिलं. 1959 च्या नानावटी खटल्यात नौदल अधिकाऱ्यावर पत्नीच्या प्रियकराला गोळी घातल्याचा आरोप होता; ज्युरीतले नऊपैकी आठ जण ‘निर्दोष’ म्हणाले. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 307 होतं. निकाल न पटल्यास सेशन्स जज्ज कारणं नोंदवून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत. जज्ज मेहतांनी पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने 1961 मध्ये ती कायम केली. ज्युरीला कायदा समजावण्यातल्या चुकाही तेव्हा बाहेर आल्या: गोळी अपघाताने सुटली हे शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो, हेच तिला धड सांगितलं नव्हतं.

समजावणं महत्त्वाचं, ते यासाठी. अमेरिकेतली कोर्टं सरकारी खर्चाने ज्युरीला माहितीपट दाखवतात, पुस्तिका देतात. फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टात दिवसाला 50 डॉलर भत्ताही मिळतो. शिकवण एकच: वस्तुस्थिती तुम्ही ठरवा, कायदा जज्ज सांगतील. ‘निर्दोष’ म्हणण्याची ताकद ज्युरीला सांगायला जज्ज बांधील नाहीत, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1895 मध्येच स्पार्फ खटल्यात म्हटलंय.

ही माहितीही सरकारी खर्चाने द्या, अशी मागणी होते. मागणी चुकीची नाही, अवघड आहे. खटला भरणारं आणि पैसे देणारं सरकार एकच. शिवाय 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या मारेकऱ्यांना सुमारे तासाभरात सोडणारी सगळी गोरी ज्युरीही याच ताकदीवर निभावली.

व्यवहारात गडबड होते ती बोलण्यात. ‘हा कायदा मी मानणार नाही’ असं निवडीच्या वेळी म्हणालात तर घरी पाठवतात. चर्चेत म्हणालात आणि जज्जाची खात्री पटली, तर काढून टाकू शकतात. एकटेच अडून राहिलात तर सुटका नव्हे, एकमत होत नाही एवढंच. खटला पुन्हा चालू शकतो.

ज्युरीला ही ताकद सांगण्याचं काम मग खासगी संस्थांची पत्रकं करतात. 2015 मध्ये डेन्व्हरच्या कोर्टाबाहेर ती वाटणाऱ्या दोघांवर ज्युरी फितवल्याचा गुन्हा लागला. कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये आरोप रद्दच ठेवले: पत्रकाचा रोख एखाद्या ठरावीक खटल्यातल्या ज्युरीवर नव्हता.