बाटलीवरची बारीक अक्षरं

नमस्कार श्रोतेहो.

नवं औषध शोधायचं तर शेकडो नवे रेणू बनवून तपासावे लागतात. औषध शोधणाऱ्या कंपनीकडे दर वेळी तेवढे हात नसतात. ते हात आमचे, कंत्राटी संशोधनातल्या रसायनज्ञांचे. रेणूचं चित्र त्यांचं, मालकी त्यांची, फ्लास्क आमचा. रेणूला नावसुद्धा नसतं, असतो एक सांकेतिक क्रमांक. तो कुठल्या आजारावर चालावा म्हणून बनवतोय, हे बहुतेक वेळा आम्हाला माहीत नसतं.

सकाळी आल्या आल्या आधी फ्युम हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं कपाट, गाठायचं. रात्रभर ढवळत ठेवलेल्या रिॲक्शन कुठवर आल्या ते टीएलसी लावून बघायचं. शाईचा ठिपका लावलेल्या टिपकागदाचं टोक पाण्यात धरलं की शाईतले रंग वेगळे होत वर चढतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. टीएलसी तीच, फक्त कागदाऐवजी सिलिकाची पट्टी, आणि ठिपके बघायचे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली. मग वर्कअप, म्हणजे रिॲक्शन धुऊन पदार्थ बाहेर काढणं; मग कॉलम, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून तो वेगळा करणं; रोटाव्हेपरवर द्रावक उडवणं; आणि एनएमआर, ज्याच्या आलेखातले पीक, म्हणजे शिखरं, रेणूची घडण सांगतात. संध्याकाळी नव्या रिॲक्शन लावून निघायचं. एवढं सगळं करून शेवटी कुपीत जातात दहा-वीस मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही.

आणि भांडी. ज्यानं फ्लास्क वापरला त्यानंच तो धुवावा, असं माझं ठाम मत आहे. तळाशी काय चिकटलंय, ते ॲसिटोननं सुटतंय की पाण्यानं, हे धुणाऱ्यालाच कळतं. नवीन मुलं फ्लास्क सिंकमध्ये ठेवून निघून जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्यांच्या रिॲक्शनबद्दलची निम्मी माहिती नळाखाली वाहून जात असते.

असो. मला सांगायचीय ती क्लोरोफॉर्मची गोष्ट.

मी नवीन होते. ग्राहकाकडून कृती आली होती, त्यांच्याकडे उत्तम चाललेली. आम्लक्लोराइड घ्या, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, अमाइन घाला, रात्रभर ढवळा, अमाइड मिळेल. कागदावर लिहिलं होतं फक्त ‘क्लोरोफॉर्म’. हे लक्षात ठेवा, फक्त ‘क्लोरोफॉर्म’.

मी केलं. सकाळी टीएलसीवर नवा, स्वच्छ ठिपका. मला कोण आनंद! कॉलम केला, वाळवलं, एनएमआर काढला. त्यात ४.३ च्या आसपास एक क्वार्टेट, म्हणजे चार टोकांचा पीक, आणि १.४ जवळ एक ट्रिप्लेट, म्हणजे तीन टोकांचा. ही जोडी इथाइलची खूण. मी म्हटलं, हे कॉलमला वापरलेलं द्रावक, इथाइल ॲसिटेट असणार, मागे राहिलंय. पुन्हा व्हॅक्यूमवर लावलं. एक दिवस, दोन दिवस. दोन्ही पीक जागच्या जागी! रेणूचं वजन दाखवणाऱ्या एलसीएमएसमध्ये माझा पदार्थ धड दिसेना. पुन्हा सगळी रिॲक्शन केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केली, तेच. दहा दिवस गेले. ग्राहकानं विकत घेतलेला असतो तो आमचा वेळच, त्यामुळे त्यातला एकेक दिवस मला टोचत होता.

शेवटी स्पेक्ट्रम घेऊन आमच्या सरांकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि विचारलं, “अगं, इथाइल ॲसिटेट असेल तर २.०५ चा सिंगलेट कुठाय?”

नव्हताच, ॲसिटेटची खूण असलेला तो एकेरी पीक. दहा दिवसांत मला तो नसलेला दिसला नव्हता. म्हणजे इथाइल होतं, पण ॲसिटेट नव्हतं. ते इथाइल माझ्याच रेणूला चिकटलं होतं. मी अमाइड बनवतच नव्हते, इथाइल एस्टर बनवत होते!

“बाटली आण,” सर म्हणाले.

आणली. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: स्थिरतेसाठी १ टक्का इथेनॉल.

त्याचं कारण सांगते. हवा आणि उजेड लागला की क्लोरोफॉर्मपासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू बनतो. म्हणून त्यात थोडं इथेनॉल घालून ठेवतात, ते फॉस्जीनला गाठून निकामी करतं. काही बाटल्यांत इथेनॉलऐवजी अमिलीन नावाचं दुसरं रसायन असतं, ते आम्लक्लोराइडच्या वाटेला जात नाही. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नाव एकच, ‘क्लोरोफॉर्म’.

आता १ टक्का म्हणजे किती, तो हिशेब सरांनी मला तिथेच करायला लावला. माझ्याकडे ४० मिलिलिटर क्लोरोफॉर्म होतं. त्यात इथेनॉल ०.४ मिलिलिटर, म्हणजे जवळपास ७ मिलिमोल; मिलिमोल हे रेणूंच्या संख्येचं माप. आणि आम्लक्लोराइड किती? २ मिलिमोल. पुन्हा सांगते, आम्लक्लोराइड २, इथेनॉल ७. आमचं अमाइन मुळात मंद; त्याच्याआधी इथेनॉलनंच आम्लक्लोराइडला गाठून एस्टर करून टाकलं, आणि अमाइन बिचारं फ्लास्कमध्ये तसंच पडून होतं.

ग्राहकाबरोबरच्या त्या आठवड्याच्या फोनवरच्या बैठकीत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. बिघडलेलं त्याच आठवड्यात सांगावं, सावरून झाल्यावर सांगू म्हणून थांबू नये, हे मी तेव्हापासून पाळते. पलीकडचे रसायनज्ञ म्हणाले, “एक मिनिट थांबा.” फोनवर त्यांच्या पावलांचा आवाज आला, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग परत येऊन त्यांनी आपल्या बाटलीचं लेबल वाचून दाखवलं.

अमिलीन.

कृतीच्या पुढच्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मच्या आधी ‘अमिलीनयुक्त’ हा शब्द आला. आमची नवी बाटली चार दिवसांनी आली. त्याच संध्याकाळी मी रिॲक्शन लावली, आणि दोन दिवसांनी कुपी भरली: १८ मिलिग्रॅम, ९७ टक्के शुद्ध. एस्टरची तिन्ही पानं माझ्या प्रयोगवहीत आहेत, तारखांसकट.

नमस्कार.