गेमला वस्ताद हवा

(कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावच्या व्याख्यानमालेत निवृत्त शारीरिक शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, या गावात मी पहिल्यांदा आलो तो खो-खोची पोरं घेऊन. तालुक्याच्या स्पर्धा होत्या. पाऊस नुकताच उघडला होता आणि आमच्या पोरांनी चिखलात अनवाणी सामना काढला. 27 वर्षं मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी हायस्कुलांत शारीरिक शिक्षक होतो. म्हणून आजचा विषय सांगितल्यावर संयोजकांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मैदानावरचा माणूस शाळेत व्हिडिओ गेम आणा म्हणतो? हो, म्हणतो. आठवी ते दहावीसाठी, शाळेचा अधिकृत उपक्रम म्हणून, कबड्डी-खोखोच्या शेजारी.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एक आई माझ्याकडे आली. तिचा मुलगा आमचा चांगला पळणारा गडी, हळूहळू सरावाला येईनासा झाला होता. ती म्हणाली, "सर, पोरगं रात्रभर जागूलालंय बघा. पांघरुणाच्या आत उजेड दिसतो." मी मुलाला बोलावलं. रागावलो नाही, फक्त विचारलं, कुणाबरोबर खेळतोस? त्याला सांगता येईना. समोरचा कोण, किती वयाचा, कुठल्या गावचा, काहीच माहीत नाही. आवाज ऐकू येतो एवढंच. माझ्या मनात ते बसलं. आमच्या तालमीत पोराची जोड लावताना वस्ताद वजन बघतो, वय बघतो, दम बघतो. आणि हे पोर रोज रात्री कुणाशी भिडतंय ते ना आईला ठाऊक, ना मला.

मोबाइल काढून घ्या, हा उपाय सगळ्यांनी करून बघितलाय. देशानंही केला. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली. 2021 च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावानं परत आला. 2022 मध्ये तो मोबाइलवरच्या ॲपच्या दुकानातून काढला, 2023 च्या मेमध्ये पुन्हा आला. त्या सगळ्या काळात मी शाळेत होतो. बंदीच्या दिवसांत पोरं मैदानावर आली असं मी बघितलं नाही. ती दुसऱ्या गेमवर गेली. चीननं 2021 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ठेवला. दक्षिण कोरियात सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गेम बंद, असा कायदा 2011 पासून होता. दहा वर्षांनी त्यांनी तो मागे घ्यायचं ठरवलं. घड्याळ लावून देणं सरकारला जमतं. शेजारी बसणं जमत नाही. ते शाळेला जमतं.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून घेऊ, कारण पालकांच्या मनात यात मोठा गोंधळ आहे आणि तो रास्त आहे. पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या रीतसर स्पर्धा, हे एक नव्हे. रमीपायी कर्ज झालेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, मी नावं घेत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशाच्या खेळांवर बंदी आली, ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी 2022 च्या डिसेंबरातच ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाकडे दिला होता. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो प्रात्यक्षिक म्हणून होता. तिथे भूजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या खेळात कांस्य मिळवलं, पण ते पदकतक्त्यात धरलं गेलं नाही. पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं रीतसर मोजली. म्हणजे सरकारदरबारी हा खेळ झाला. फक्त आपल्या शाळेच्या फाटकातून तो आत आलेला नाही.

अमेरिकेत तो आलाय. तिथल्या हायस्कूल क्रीडा संघटनांच्या शिखर संस्थेनं 2018 मध्ये एका कंपनीशी करार केला आणि त्याच ऑक्टोबरात कनेटिकट, जॉर्जिया, केंटकी अशा मोजक्या राज्यांत पहिला हंगाम झाला. शाळेचा संघ, शाळेचा प्रशिक्षक. मला त्यातली पुढची हकिकत जास्त महत्त्वाची वाटते. 2020 च्या जानेवारीत त्या कंपनीनं यादीत फोर्टनाइट घातला, बंदुकीचा गेम. केंटकीच्या संघटनेनं लगेच हरकत घेतली, बंदुकीच्या खेळाला शाळेत जागा नाही म्हणून. हे मी पोटतिडकीनं सांगतोय. खेळ कुठला, हे ठरवण्याचा हक्क शाळेचा असला पाहिजे.

आणि इथेच या विषयातली सगळ्यात अवघड गाठ आहे. कबड्डीला मालक नाही. रेघा मारल्या की खेळ सुरू. गेमला मालक असतो. तो नियम बदलतो, पैसे मागतो, एका रात्रीत दुकान बंद करतो. बीजीएमआय दिसेनासा झाला तेव्हा त्यावर तयारी करणाऱ्या पोरांचं काय झालं असेल? उद्या आपण जिल्ह्याच्या स्पर्धा भरवल्या आणि उपांत्य फेरीच्या दिवशी खेळच नाहीसा झाला तर? शाळेनं असं परस्वाधीन होता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

याला वाट मला एका जुन्या विद्यार्थ्यानं दाखवली, तो आता बंगळूरला संगणकाचं काम करतो. त्यानं सांगितलं, सर, फुकट आणि खुले खेळ आहेत. सुपरटक्सकार्ट नावाचा एक आहे. छोट्या गाड्यांची शर्यत, आणि त्यात गाड्यांनी चेंडू ढकलून गोल करायचा फुटबॉलही आहे. कुणाही कंपनीला तो काढून घेता येत नाही, जुन्या संगणकावर चालतो, आणि लॅबमधली यंत्रं तारेनं जोडली की इंटरनेटशिवाय सामना होतो. जांबोटी, कणकुंबीकडच्या मंडळींना हे शेवटचं वाक्य कळेल. टाळेबंदीत तिकडची पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती. इंटरनेटवर टेकलेला उपक्रम म्हणजे त्या पोरांना पहिल्याच दिवशी बाद करणं.

शाळेच्या संगणकांवर तेव्हा कापडं टाकलेली होती आणि चावी कपाटात. मुख्याध्यापक मला आठवडाभर नाही म्हणाले, मग हो म्हणाले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आधी अर्धा तास मैदान, घाम आलाच पाहिजे; मग लॅबमध्ये एक तास, घड्याळ लावून. ज्याची हजेरी कमी त्याला बाहेर बसवायचं, खो-खोला होता तोच नियम. नऊ पोरं आणि चार पोरी आल्या. पांघरुणातला तो मुलगा पहिल्या शनिवारी आला नाही, तिसऱ्या शनिवारी आला.

पहिले काही आठवडे नुसता आरडाओरडा. प्रत्येकजण एकटाच चेंडूवर. खो-खोत नवीन पोरं अशीच धावतात, सगळी एकाच गड्यामागे. मी गेममधलं काही शिकवू शकत नव्हतो, पण ते मला दिसत होतं. मागे कोण थांबणार, पुढे कोण जाणार, हरल्यावर हात मिळवायचा की नाही, हे तर मला शिकवता येत होतं. एका मुलीनं वहीत प्रत्येक सामन्याच्या खुणा करायला सुरुवात केली, गोल कुठून झाला ते. पुढे तीच संघाची कप्तान झाली. मैदानावर ती कधी पुढे आली नव्हती.

आमच्या आवारात भिंतीपलीकडे कन्नड शाळा आहे. तिथल्या सरांशी बोललो आणि दुसऱ्या वर्षी एकमेकांत सामने घेतले. मग एका शनिवारी मिसळून संघ केले. खेळाच्या गडबडीत आमची पोरं "एडक्के, एडक्के" ओरडत होती आणि त्यांची "डावीकडे!" माझी भाषा मला प्राणाहून प्रिय आहे आणि तिच्या हक्कासाठी मी रस्त्यावर उभा राहिलोय. तरी त्या दुपारी मला फार बरं वाटलं, हे इथे सांगायला मला संकोच वाटत नाही.

करिअरचं विचाराल, तर मी कुणालाही आशा लावणार नाही. तालमीत हजारो पोरं उतरतात आणि हिंदकेसरी एखादा होतो. म्हणून कुणी लाल माती उचलून टाकली नाही. पण दहावीच्या गुणांना बाजूला सारून कुणी गेमच्या मागे लागणार असेल, तर त्याला मीच पहिला थांबवीन. व्यसनाची भीतीही खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे आणि 2022 पासून ती यादी लागू झाली आहे. ज्याचं जेवण, झोप, शाळा तुटलीये त्याला लॅब नव्हे, डॉक्टर पाहिजे. शिक्षकाला ते वेळेत ओळखता येतं, पण पोर त्याच्या नजरेसमोर असेल तरच.

बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच आहे की वरून आदेश येण्याची वाट बघू नका. बुद्धिबळ शालेय स्पर्धांत आहेच. जिथे इंटरनेट आहे तिथे लिचेससारख्या फुकट संकेतस्थळावर निपाणीची शाळा खानापूरशी खेळू शकते, बसभाडं न घालता. तिथून सुरुवात करा. 2025 मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळही होतं आणि माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन जिंकला, हे पालकसभेत सांगितलंत तर अर्धा विरोध तिथेच मावळेल, असा माझा अनुभव आहे. क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज नंतर द्या, हातात वर्षभराची हजेरीवही घेऊन.

मी निवृत्त झालो तरी शनिवारी तिथे जातो. शाळा सुटल्यावर या, ज्यांना बघायचंय त्यांनी. आधी मैदानावर या, लॅब नंतर उघडते.