डोळे मिटून ऐकण्याजोगं कार्टून

श्रोतेहो, नमस्कार. आज एका कार्टूनविषयी बोलायचं आहे, आणि तेही रेडिओवर, याचा मला फार आनंद आहे. 'ॲक्वा टीन हंगर फोर्स' ही अमेरिकन मालिका मी पाहिली त्याहून जास्त ऐकली आहे.

मालिका मोठ्यांसाठीची. न्यू जर्सीतल्या एका घरात तिघं राहतात : मिल्कशेकचा पेला, फ्रेंच फ्राइजचं खोकं आणि खिम्याचा गोळा. मास्टर शेक, फ्रायलॉक आणि मीटवॉड. शेजारी कार्ल, कायम बनियनवर. डेव्ह विलिस आणि मॅट मायेलारो यांच्या या निर्मितीचा पहिला भाग २००० सालच्या डिसेंबरअखेर दाखवला गेला. वाहिनीला कल्पना पटावी म्हणून तिघांना आधी गुप्तहेर केलं होतं. काही भागांतच ती हेरगिरी गळून पडली आणि उरलं ते एका छपराखालचं भांडण. मालिका खरी तिथून सुरू झाली.

निरर्थक विनोद म्हणजे काहीही घडवणं, असं आपण समजतो. पण नुसत्या 'काहीही'चा दहा मिनिटांत कंटाळा येतो. इथे चंद्रावरून चपटे, जुन्या व्हिडिओ गेमसारखे चौकटी-चौकटींचे प्राणी उतरतात, आणि कोणी थक्क होत नाही. कार्लला चिंता आपल्या पोहण्याच्या तलावाची. शेक आपल्या बढाया सोडत नाही, फ्रायलॉक समजावणं सोडत नाही. जग कितीही उलटंपालटं होवो, स्वभाव तसूभर हलत नाहीत. हसू येतं ते या हट्टीपणाचं. आपल्या ओळखीची माणसं संकटात नेमकी अशीच वागतात.

चित्रांत हालचाल बेताची. सगळा भार आवाजांवर. डेना स्नायडरचा शेक कर्कश, तोऱ्यात. कॅरी मीन्सचा फ्रायलॉक धीरगंभीर. लेकरासारखा बोबडा मीटवॉड आणि कुरकुऱ्या कार्ल हे दोन्ही आवाज मात्र डेव्ह विलिस यांचेच. हे कळल्यावर मी जुने भाग पुन्हा लावले होते.

२०१५ मध्ये मालिका थांबली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. पण २०२२ मध्ये चित्रपट आला आणि २०२३ मध्ये नवे भागही. मीटवॉड तसाच बोबडा होता.

कधी मीटवॉड आणि कार्ल समोरासमोर आले, की क्षणभर डोळे मिटा. एकच माणूस स्वतःशी भांडतोय, यावर तुमचा विश्वास बसणार नाही.