साडीतली साखर

श्रोतेहो, नमस्कार. सुती साडीला साबुदाण्याची खळ घालतो ना, त्यातली खळही ग्लुकोजची आणि साडीही ग्लुकोजचीच. (हल्लीच्या फवाऱ्याच्या डब्यांना त्या खळीची सर नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.)

गोष्ट १८१९ सालची. फ्रान्समधल्या नान्सी शहरात आंरी ब्राकोनो नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी घेतल्या लिननच्या चिंध्या. बारीक कातरल्या आणि त्यांवर तीव्र गंधकाम्ल थोडं थोडं सोडत घोटत राहिले. थोडं थोडंच का? एकदम ओतलं तर मिश्रण तापतं आणि कापडाचा कोळसा होतो. घोटता घोटता चिंध्यांचा डिंकासारखा लगदा झाला. त्यात पाणी घालून तो कित्येक तास उकळला. मग खडूची पूड घालून आम्ल मारलं, गाळलं, आटवलं. पाक आळला, खडे धरले. चाखलं तर गोड! द्राक्षात असते तीच साखर, म्हणजे ग्लुकोज. अहो, अंगावरच्या कपड्यांची साखर! लाकडाच्या भुशाचीही त्यांनी हीच गत केली.

यात आम्ल फक्त बंध तोडायला मदत करतं, खर्ची पडतं ते पाणी. कारण दोन ग्लुकोज जुळतात तेव्हा एकाचा पहिला कार्बन आणि दुसऱ्याचा चौथा, मध्ये ऑक्सिजन, आणि पाण्याचा एक रेणू बाहेर. बंध तोडायचा तर ते पाणी परत द्यावं लागतं. कापड ज्या ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचं असतं, ते सेल्युलोज. म्हणून १६२ ग्रॅम सेल्युलोजमध्ये १८ ग्रॅम पाणी शिरतं आणि हिशेबाने १८० ग्रॅम साखर होते. चिंध्यांपेक्षा साखर जड!

मग साबुदाणा पचतो, साडी का पचत नाही? पहिल्या कार्बनवरचा बंध खालच्या अंगाला असला तर तो अल्फा. साखळीला स्प्रिंगसारखं वेटोळं पडतं, तो खळीतला स्टार्च. वरच्या अंगाला असला तर बीटा. साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट चिकटते, ते सेल्युलोज. आपली लाळ अल्फा तोडते, बीटा नाही. पुन्हा सांगतो: ग्लुकोज तेच, कार्बन तेच, एक आणि चार; बंधाचं अंग तेवढं वेगळं.

पडताळायचं असेल तर खळ घातलेल्या सुती चिंधीवर पातळ आयोडीनचा थेंब टाका. डाग निळा-जांभळा पडेल. खळ पुरती धुतलेल्या चिंधीवर नुसता पिवळट. मात्र वाटीतल्या उकळत्या खळीत थेंब टाकून पाहू नका. उष्णतेने वेटोळं सैल होतं, आयोडीन आत टिकत नाही. खळ निवली की मग टाका.