खिळा मारायचा नाही

(दृश्य: कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. काही वेळ फक्त पावसाचा आवाज.)

रत्नागिरीत जुलै लागला की भाड्याच्या खोलीला तीन वास येतात. न वाळलेल्या कपड्यांचा, उदबत्तीचा आणि भिंतीचा. पहिले दोन सहन होतात. भिंतीचा वास मात्र वह्यांना लागतो, चादरीला लागतो, आणि शनिवारी एसटीनं घरी गेलं की आई दारातच म्हणते, "खोलीवर ऊन येत नाही काय गो?"

ही खोली दहा बाय नऊची. जुन्या घराची मागची पडवी बंद करून केलेली. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खिडकी पाटाएवढी. इथं राहणारी मुलगी राजापूर तालुक्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव सांगायचं नाही असं तिनं आम्हाला बजावलंय. कारण पुढे येईलच.

खोली देताना मालकीण काकूंनी एकच अट घातली होती. "काय हवं ते कर, पण भिंतीला खिळा मारायचा नाही."

(दृश्य: मोबाइलवरचा जुना फोटो. विटांचं चित्र असलेली चकचकीत भिंत.)

हा मागच्या वर्षीचा फोटो. आईनं खोलीसाठी १५०० रुपये दिले होते, त्यातले ७०० या चिकटवायच्या कागदात गेले. जांभ्याच्या भिंतीवर विटांचं चित्र! यातला विनोद तिला तेव्हा कळला नव्हता. जुलैत कागदाचे कोपरे सुटले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून आली तर अख्खी भिंत पलंगावर उतरलेली, आणि कागदामागे काळी बुरशी, हाताच्या पंज्याएवढे डाग.

दोष एकट्या कागदाचा नव्हता. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. वारा लागला की कडक होतो. पण अंगभर बारीक भोकं असलेला हा दगड. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंत पाणी पिते आणि हळूहळू बाहेर सोडते. तिच्या तोंडावर प्लास्टिक चिकटवलं की ओल मागेच कोंडते, आणि बुरशीला आणखी काय हवं?

म्हणून यंदा तिनं सजावटीची सुरुवात चुन्यापासून केली. परीक्षा संपल्यावर, मेच्या शेवटच्या आठवड्यात. मिरगाच्या आत.

(दृश्य: पत्र्याच्या डब्यात खदखदणारा चुना.)

कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं. प्लास्टिकची बादली इथं चालत नाही. डबा पत्र्याचा हवा, आणि वाकून आत बघायचा मोह आवरायला हवा, कारण शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा गेलाच म्हणायचा. ती सायकलवाल्या भावाचा गॉगल लावून काम करत होती. रात्रभर भिजवलेला चुना सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, त्यात थोडा विरघळवलेला डिंक आणि काकूंकडची चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्यानं ओली केली. मग कुंच्यानं पातळ हात.

पहिला हात दिल्यावर भिंत अशी दिसते, की पैसे वाया गेले. राखाडी, ओलसर, पट्ट्यापट्ट्यांची. ती रडवेली झाली होती असं काकू सांगतात. ती नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भिंत पांढरी होत गेली. चुना नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो. त्यातून भिंतीला श्वास घेता येतो, आणि चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशी लवकर धरत नाही. कोकणात पूर्वी समुद्रातले शिंपले भाजून चुना करायचे. म्हणजे कोकणी घराला हा पाहुणा नाहीच. चुना आणि कुंचा मिळून १८० रुपये. अंग टेकलं की पाठ पांढरी होते हा एक तोटा. तिच्या काळ्या कुर्त्यांना विचारा.

आता खिळा न मारता सामान ठेवायचं कुठं?

(दृश्य: कॅमेरा वर वळतो. वासे, रिपा, कौलं.)

उत्तर डोक्यावर होतं. भिंत काकूंची, पण वाशांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. दोन वाशांवरून सुंभ सोडला, त्यात फळ्या अडकवल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण माणसांबद्दल बोलतो. सुंभ कुजायलाही तयार नसतो, ते आपण विसरतो. नारळाची सोडणं महिनोन्महिने पाण्यात कुजवतात, तेव्हा कुठे त्यातला काथ्या सुटतो. एवढ्या पाण्यातून तावून निघालेल्या दोराला पावसाळ्याची ओल काय करणार! फळ्या भिंतीपासून चार बोटं दूर लोंबतात, मागून हवा खेळते. पुस्तकांच्या पाठी यंदा कोरड्या आहेत.

फळ्या आंब्याच्या पेटीच्या. इथं एक गंमत सांगायला हवी. हापूसच्या गावात रिकामी पेटी सहज मिळेल असं वाटतं ना? रत्नागिरीतून पेटी भरून वाशीला जाते, रिकामी परत येत नाही. त्यातून हल्ली बरेच जण पुठ्ठ्याचे खोके वापरतात. तिला मिळाल्या त्या हंगाम संपल्यावर एका बागायतदाराच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, उरलेल्या, न ठोकलेल्या फळ्या. चार घासकागद झिजवले तेव्हा कुसळं गेली.

पडद्याला आजीचं नऊवारी लुगडं. एका लुगड्यात खिडकी, दार आणि कपड्यांच्या दांडीवरचं झाकण, तिन्ही झाली. त्याच्याबद्दल ती फारसं बोलत नाही, आम्हीही विचारलं नाही.

(दृश्य: मिरकरवाडा बंदर. नांगरलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करणारे हात.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी पसरून शिवायला घेतात. फाटून टाकून दिलेला एक तुकडा तिनं मिरकरवाड्यातून मागून आणला, फुकट. वाशापासून खालपर्यंत सोडला, त्यावर चिमट्यांनी टाइमटेबल, फोटो, रसायनशास्त्राची सूत्रं. दिसायला झकास. साबणाच्या पाण्यात तीनदा धुतलं, उघडीप मिळाली तसं वाळवलं. तरी हवा कुंद झाली की जाळं आपलं मूळ गाव सांगतं. आईला हे अजून कळलेलं नाही, म्हणून नाव नको.

जाळ्यावर एक जागा रिकामी आहे. तिची मैत्रीण कुडाळची, तिनं पिंगुळी गावच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेच्या, शैलीत काढलेलं एक चित्र दिलंय. ते ती लावत नाही. ठाकर समाजातले कलाकार चित्रकथीचे कागद पाठीला पाठ चिकटवून, पोथी बांधून ठेवतात आणि कथा सांगायच्या वेळी बाहेर काढतात. कोकणच्या हवेत कागद असाच जपावा, असं माझंही मत. पाहुणे आले की ती चित्र पेटीतून काढून दाखवते.

(दृश्य: संध्याकाळ. खोलीत अंधार. बटणाचा आवाज.)

आणि हा दिवा. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी, तळ गेलेली, काकूंच्या माळ्यावर पडलेली. उलटी करून होल्डरमधून लोंबवली, आत ९ वॅटचा एलईडी. साधा तारेचा बल्ब इतका तापतो की बांबू करपेल, म्हणून एलईडीच. आता वर बघा. विणीच्या बारीक चौकड्या चुन्याच्या भिंतीवर उतरल्यात. वाऱ्यानं रोवळी हलली की अख्खी खोली जरा हलते. दुकानात पाचशेला मिळणाऱ्या रंगीत माळांनी हे झालं नसतं. त्या माळांचे जोड इथल्या दमट हवेत गंजतात, हेही आहेच.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा काकू दारात आल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या.

"ही रोवळी माझी काय गो?"

"तळ गेला होता काकू. तुम्हीच म्हणालात घे."

"म्हटलं असेन." काकू आत आल्या, भिंतीवरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट पदराला पुसलं. "पडवीतल्या बल्बाला पण अशी एक करून दे. आणि ते जाळं जरा वर बांध हो. दोन दिवस मांजर खिडकीशी बसून आहे."

(दृश्य: खिडकी. गजांबाहेर पावसात भिजलेलं मांजर.)