पाणी किती फुटांवर?

[दृश्य : शाहूपुरीतली कुंभार गल्ली. जुलैची सकाळ, पावसाची झड. दारात प्लास्टिकनं झाकलेले गणपती.]

पावसाळ्यात कोल्हापूरची माणसं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर हाय?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोचली की इशारा पातळी, ४३ ला धोक्याची. शहरातल्या बऱ्याच जणांसाठी या आकड्यांवर रस्ता चालू की बंद एवढंच ठरतं. कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात, या मूर्ती घडवणाऱ्या कुंभारांच्या वस्त्यांत, त्यावर वर्षाची कमाई ठरते.

दिवाळी उरकली की इथं गणपतीचं काम हळूहळू सुरू होतं. शाडू, प्लास्टर, काथ्या, रंग, सगळं आधी विकत घ्यायचं. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं, सोनं गहाण ठेवायचं, नाहीतर भिशी लवकर उचलायची. पैसा परत येतो तो चतुर्थीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत. म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत घरात मालही सगळ्यात जास्त असतो आणि डोक्यावर कर्जही.

[दृश्य : भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ.]

ऑगस्ट २०१९. नदी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. चतुर्थी होती २ सप्टेंबरला. प्लास्टरची मूर्ती पुरात तग धरते, पण रंग सुटतो, सांधे हलतात. शाडूची मूर्ती विसर्जनात विरघळावी म्हणूनच घडवलेली असते. तिचा कारखान्यातच चिखल झाला. पाणी ओसरल्यावर हाताशी तीनेक आठवडे, आणि मूर्ती वाळवायला ऊन नाही. पूरग्रस्तांना मदत म्हणून अनेक मंडळांनी उत्सव साधा करायचं ठरवलं. ते योग्यच होतं. पण ठरलेली मोठी मूर्ती रद्द झाली, की तिच्यात अडकलेलं भांडवल कुंभाराच्याच अंगावर राहतं.

पुढच्या वर्षी करोना. सरकारनं मंडळांची मूर्ती ४ फुटांपर्यंत आणि घरची २ फुटांपर्यंत असावी असं सांगितलं, तेही जुलैत. तोवर मोठ्या मूर्ती साच्यातून निघून उभ्या होत्या. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबवायची सवलत होती, पण व्याज चालूच होतं. २०२१ ला उंचीची तीच अट राहिली आणि जुलैच्या अखेरीस पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर चढलं. त्या पुरानंतर सरकारनं दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्यांना १० हजारांची मदत जाहीर केली. ज्याच्या दारात शेकडो मूर्ती भिजल्या, त्यानं हा आकडा ऐकून काय केलं असेल? पुन्हा भिशीच गाठली असेल.

लागोपाठ तीन हंगाम हातचे गेले. तरी गल्ली बंद पडली नाही. यामागे मला दिसतं ते कुंभाराचं जुनं कॅलेंडर.

[दृश्य : फिरत्या चाकावर पणती. शेजारी सुगडांची उतरंड.]

आषाढात बेंदराचे बैल, श्रावणात नागोबा, मग गणपती, मग घटस्थापनेचे घट. दिवाळीला पणत्या आणि पोरांच्या किल्ल्यांसाठी मावळे. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ आणि चुली. एकेक वस्तू किरकोळ किमतीची, पण रोख पैशाची, उधारीची नव्हे. त्यातूनच पतसंस्थेची रोजची पिग्मी भरली जाते, शाळेची फी भागते. गणपतीचा धंदा वाढला तसं हे बारीक काम अनेकांनी सोडून दिलं होतं. ज्या घरी बाईनं ते चिकाटीनं धरून ठेवलं, तिथं पुराच्या वर्षीही चूल पेटती राहिली. या कामाचा हिशोब कुठल्या वहीत दिसत नाही, आणि तिला कुणी उद्योजक म्हणत नाही. म्हणायला हवं.

आणखी एक आधार आहे, पाटाचा. घरचा गणपती सांगायला येणारी माणसं आपला पाट आणून देतात, मागं खडूनं नाव लिहितात. तीच घरं, वर्षानुवर्षं. पूर आला म्हणून पाट दुसऱ्याच्या दारात जात नाही. मूर्ती लहान मिळाली, रंग फिका असला तरी गिऱ्हाईक चालवून घेतं. मोठी ऑर्डर एका फोनवर रद्द होऊ शकते. नाव लिहून ठेवलेला पाट कुणी सहसा परत नेत नाही.

[दृश्य : संध्याकाळ. टेम्पोत मूर्ती चढवताना माणसं.]

आता पाणी ३९ फुटांकडे सरकलं की गल्ली आपसूक हलते. मंडळांच्या मूर्ती आधी, कारण एकेकीला चार-सहा माणसं लागतात आणि टेम्पो रात्री मिळत नाही. मग रंगवलेल्या घरगुती. पाट पोटमाळ्यावर. शाडूच्या ओल्या मूर्तींना अजून डोळे आखलेले नसतात, टेम्पोत घातल्या तर धक्क्यानं तडा जातो. त्या सगळ्यात शेवटी निघतात. बायका त्या एकेक करून दोन्ही हातांवर घेतात आणि चढाच्या रस्त्यानं चालत नेतात.